मदत हवी आहे: कराडला क्विअर मेळावा, जागा कशी मिळवावी?

नमस्कार मंडळी. पाटण, शिराळा, विटा भागातल्या गे, लेस्बियन, बाय आणि ट्रान्स मित्रमैत्रिणींसाठी कराडला रविवारचा मेळावा ठरतोय. पंधरा-वीस जण. स्वतःच्या तालुक्यात कुणी येत नाही, ओळखीचे डोळे फार. कराडला खरेदीच्या निमित्तानं येता येतं. वेळ ११ ते ३, कारण गावाकडची शेवटची एसटी चुकली की घरी प्रश्न सुरू होतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप टाळलाय, त्यात सगळ्यांचे नंबर दिसतात. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. खोट्या प्रोफाइलवरून ब्लॅकमेल होतं, म्हणून नवीन माणसाशी आधी व्हिडिओ कॉल आणि पत्ता आदल्या रात्रीच. फोन काढून घ्यायचे नाहीत (घरचा फोन उचलला नाही की संशय येतो), कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायची. वर्गणी रोख, डब्यात. यूपीआयवर बँकेतलं नाव दिसतं आणि ट्रान्स मंडळींचं जुनं नाव उघड होतं.

घोडं अडलंय हॉलपाशी. कार्यक्रम कसला ते विचारतात, दारातल्या फळ्यावर लिहितातही. ‘वाढदिवस’ सांगून ऐनवेळी बाहेर काढलं तर आलेली माणसं पुन्हा येणार नाहीत, त्यामुळे मालकाला खरं सांगावं असं मनापासून वाटतं. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानंतर यात बेकायदा काहीच नाही, पण मालकाला भीती गावाच्या बोलण्याची.

कुणी मालकाशी असं बोललंय का? नेमक्या कोणत्या शब्दांत? की दिवसभरासाठी अख्खं कृषी पर्यटन केंद्र घेणं बरं? तिथं स्टँडवरून एकेकट्यानं पोचायची सोय कशी केलीत?