लहान घर आणि येणारं बाळ: तुम्ही जागा कशी केलीत?

आठवा महिना लागलाय. डोंबिवलीत वन आरके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे माहेरी जाणं नाही. सासूबाई गावाहून येणार. म्हणजे एका खोलीत तीन मोठी माणसं आणि बाळ. याद्या खूप वाचल्या, पण त्या सगळ्या मोठ्या घरांच्या. ज्यांनी एका खोलीत बाळंतपण काढलंय त्यांनी सविस्तर लिहा. अगदी बारीकसारीकसुद्धा.

लालबाग, चाळीतली खोली

ताई, आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण होतो. बाळ यायच्या आधी काही आणलं नाही, घरातलं काढलं. शोकेस भाच्याकडे गेलं, तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर. तेवढ्या जागेत खाली माझी गादी बसली.

खरी अडचण आंघोळीची. सासूबाईंना पाय लांब करून बाळाला पायांवर घ्यायची सवय, आणि मोरीत पाय पुरत नव्हते. मग रोज सकाळी ओट्याखाली रबरी शीट पसरायची, तिची एक कड मोरीच्या उंबऱ्यावरून आत सोडायची म्हणजे पाणी आपोआप उतरतं. सासूबाई पाटावर, डाव्या हाताला गरम पाण्याची बादली, उजवीकडे तांब्या, टॉवेल माझ्या मांडीवर उलगडलेला. तेवढा वेळ दार लावून पंखा बंद. आंघोळीआधीच सगळ्यांचा चहा उरकायचा, कारण गॅसजवळ बाळ नको. लेक आता सहावीत आहे, पण ती रबरी शीट मी अजून टाकलेली नाही.

पनवेल

माझा मुलगा जुलैतला. पाळण्यापेक्षा आधी दोरीचा विचार करा! दिवसाला दहा-बारा लंगोट सहज होतात आणि पावसात दोन-दोन दिवस वाळत नाहीत. आम्ही तीस लंगोट शिवले, तेही कमी पडले. पलंगाच्या वर आडव्या तीन दोऱ्या बांधल्या आणि रात्री टेबलफॅन त्यांच्याकडे तोंड करून ठेवला. वाळल्यासारखा वाटला तरी लंगोट गालाला लावून बघायचा. दमटपणा हाताला कळत नाही, गालाला कळतो. मग शिवणीवरून दोनदा इस्त्री. रात्रीपुरते डायपर वापरले, त्यात काही कमीपणा नाही.

पुणे, एक बाबा

पाळण्याच्या हुकाला आधी तांदळाची पंचवीस किलोची दोन पोती टांगून रात्रभर ठेवली. सकाळी हुकाभोवतीच्या प्लास्टरला केसाएवढी चीर. दुसरीकडे नवीन हूक बसवला. हे प्रत्येकाने कराच.

लिफ्ट नाही म्हणता, तर पिशवी आत्ताच भरून दाराशी ठेवा: फाइल, आधार, माता-बाल संरक्षण कार्ड, दोन सुती साड्या, टोपडं, दुपटी. गरोदर बाईसाठी 102 आणि तातडीला 108, हे दोन्ही नंबर शेजाऱ्यांच्याही फोनमध्ये हवेत. कळा सुरू झाल्यावर खाली उतरताना कोण धरणार, तेही ठरवून ठेवा. आम्ही ठरवलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पुढे होऊन हिला धरलं, तो जिना मला आजही आठवतो.

सातारा, तीन नातवंडांची आजी

पोरी, शेक-शेगडीचा आग्रह कुणी धरला तर माझं नाव सांग. आमच्या वाड्यात ते चाललं, कौलांतून वारा खेळायचा. बंद खोलीत कोळसा पेटवायचा नाही. त्याच्या विषारी वायूला वास नसतो. गरम पाण्याच्या पिशवीने कंबर शेक. धुरीही नको, बाळाच्या छातीला त्रास होतो. पहिले सहा महिने अंगावरचं दूधच. मध नको, गुटी नको. अळिवाचे लाडू मात्र तू खा.

लंडन

आमचाही एका बेडरूमचा फ्लॅट. इथे बाळाची खोली 16 ते 20 अंशांत ठेवायला सांगतात. आई पुण्याहून आली आणि हे ऐकून घाबरलीच, तिने दोन गोधड्या आणल्या होत्या. शेवटी बाळाला पाठीवर निजवलं, पाळण्यात उशी नाही, गोधडी नाही, आणि त्या गोधड्या मी पांघरल्या. पाळणा माझ्या पलंगाला लागूनच होता, रात्री उठायला लागायचं नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचा निरोप सासूबाईंना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या, "बरोबर आहे बाईंचं." काल टीव्हीचं कपाट काढलं. तिथे गादी टाकून पाहिली, उशाशी खिडकी येते. दोऱ्या रविवारी बांधणार आहोत. सासूबाई बुधवारी येताहेत, त्यांच्या आईच्या नऊवारीची सहा दुपटी शिवून.