शिफ्ट आठ तासांची, अंगणवाडी दुपारपर्यंत. लेकीला कुठं ठेवू?

शिरोलीची आई:
मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कोअर शॉपला आहे, साच्यातले वाळूचे गाभे करते. हातात तेरा हजार येतात. लेक साडेतीन वर्षांची. खासगी पाळणाघर साडेचार हजार मागतं, रिक्षा वेगळी. गावातली अंगणवाडी फुकट आहे, मॅडम पोरांना जीव लावतात, पण दुपारी सुटते आणि मी सुटते साडेचारला. मधला वेळ सासूबाई बघायच्या, दिवाळीनंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गेल्या आठवड्यात कळलं, शेजारची सातवीतली पोरगी शाळा बुडवून माझ्या लेकीला सांभाळत होती. त्या रात्री घास उतरला नाही. दिवसभराची काही सरकारी सोय आहे का?

सेविका, करवीर तालुका:
ताई, अंगणवाडी १९७५ ला सुरू झाली ती आहार, लसीकरण आणि शाळेआधीच्या शिकण्यासाठी. आईची ड्युटी त्यात कुणी धरलीच नव्हती. आता केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे. अंगणवाडीतच पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांची पोरं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. खर्च केंद्र ६०, राज्य ४० टक्के. सगळीकडे नाही, मंजुरी लागते. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी मागा, आणि एकटीनं नको, दहा-पंधरा आयांच्या सह्या घ्या.
फक्त ‘आहे त्याच बाईला संध्याकाळपर्यंत बसवा’ असं लिहू नका. वजनं, नोंदी, मोबाईलवर माहिती भरणं, सगळं आम्हीच करतो, आणि आम्हाला पगार नाही, मानधन मिळतं. ‘पाळणा’ योजनेत वेगळी सेविका, वेगळी मदतनीस धरलेली आहे, तीच मागा.

उद्यमनगरवाला:
कारखान्यात पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय मालकानं करायची, २०१७ पासून कायदा आहे. हजेरीपट बघा.

राजारामपुरी:
शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांचा. तीन ते सहासाठी कलम ११ नुसतं ‘व्यवस्था करू शकेल’ म्हणतं. शाहू महाराजांनी १९१७ ला इथं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच गावात पोरगी शाळा बुडवून पोर सांभाळते, हे वाचवत नाही.

शिरोलीची आई:
कंत्राटी धरून आम्ही साठच्या वर आहोत. आज डब्याच्या सुट्टीत नऊ सह्या झाल्या. शेजारची पोरगी सोमवारपासून शाळेत जाते, मी चार दिवस बिनपगारी रजा टाकलीय. सेविका ताई, अर्ज लिहिलाय, तुम्ही एकदा वाचून द्याल का?