‘वॉटर फूटप्रिंट’ला मराठीत काय म्हणायचं?

ओहोळ: तालुक्याच्या शेतकरी मेळाव्याचं पत्रक आहे, पीक काढताना किती पाणी खर्ची पडतं, म्हणजे ‘वॉटर फूटप्रिंट’, त्याबद्दल. मूळ मसुद्यात ‘जलपदचिन्ह’ होतं, तपासणाऱ्यांनी ‘पाणीवापर’ केलं. ‘ग्रे वॉटर’चं ‘सांडपाणी’ झालं. चालेल?

कुळागर: ‘वापर’ नको. पाटाचं पाणी कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, सोडलं की त्यातलं बरंच मुरून ओहोळाला मिळतं. ते हिशेबात येत नाही. बाष्प होऊन उडालेलं, पिकात राहिलेलं किंवा दुसऱ्या खोऱ्यात गेलेलं, एवढंच धरतात. पंपाचा प्रवाह गुणिले तास केलंत तर आकडा फुगलाच.

शब्दवेल्हाळ: मग ‘जलव्यय’. पदचिन्ह म्हटलं की देवळातल्या पादुका आठवतात.

बार्देसी: जलव्यय वाचून लोक पत्रकात चणे बांधतील. ‘पाणीखर्च’ म्हणा.

शब्दवेल्हाळ: खर्च फारसीतून आला.

बार्देसी: मग ‘हंगाम’ आणि ‘जमीन’ही खोडा.

वायंगणी: ‘सांडपाणी’ मात्र आधी काढा, तिथे अर्थच उलटतो. न्हाणीतून वाहतं ते सांडपाणी. इथलं करडं पाणी, म्हणजे ‘ग्रे वॉटर’, कुणी कुठून उपसलेलंच नसतं. प्रदूषण मर्यादेत आणायला किती पाणी लागेल, त्याचा तो हिशेब. हेक्टरी १०० किलो नत्र दिलं, त्यातलं १० टक्के निचऱ्यातून गेलं, म्हणजे १० किलो. मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम धरली तर १,००० घनमीटर. पण ओहोळात मुळातच २ मिलिग्रॅम असेल तर भाजक ८, आणि उत्तर १,२५०. ही वजाबाकी हमखास राहते.

कुळागर: ‘विरळणीचं पाणी’ म्हणावं. पिकाने वापरलेल्या पावसाच्या पाण्याला ‘हिरवं पाणी’ म्हणणंही फसवं आहे, शेवाळलेली तळी डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे भाताचे दोन हंगाम, पावसाळी सरद आणि त्यानंतरचं वायंगण, आहेत ना? सरद पावसावर, म्हणजे हिरवं. वायंगण बांधाच्या पाण्यावर, म्हणजे निळं, सिंचनाचं.

शब्दवेल्हाळ: सरद म्हणजे शरदच, कापणीचा ऋतू!

बार्देसी: ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती टांगू नका.

वायंगणी: हंगामाचं नाव पाण्याला देऊ नका. वायंगणालाही जमिनीतली पावसाळी ओल मिळते, ती हिरव्यात जाते. सिंचनाच्या पाण्यातून ५०० मिलिमीटर उडालं असं धरा. एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी १० घनमीटर, म्हणून ५,०००. उतारा ४ टन आला तर किलोला १,२५० लिटर निळं, तेही भाताला, म्हणजे न सडलेल्या साळीला. तांदूळ ६५ टक्के उतरला आणि कोंड्याला वाटा दिला नाही तर सुमारे १,९२०. भात की तांदूळ, हे पत्रकात लिहाच.

ओहोळ: आणि शीर्षक?

बार्देसी: खाजनाचं, खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताचं, काय? मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारांतून, येणारं खारं पाणी कुठल्या रंगात बसवायचं?

वायंगणी: कुठल्याच नाही, हिशेब गोड्या पाण्याचा. पेरणीआधी मीठ धुऊन नेणारा पाऊसही खाडीत जातो, तोही धरत नाहीत. पण मानशीची दारं गळली आणि भरतीचं पाणी कोरगुटात, म्हणजे खाजनातल्या भातात, शिरलं तर उतारा पडतो. पाणी जवळपास तेवढंच उडतं, भाजक घटतो, दर किलोचा आकडा चढतो.

शब्दवेल्हाळ: ‘मानशीची’? ‘मानसीची’ हवं.

कुळागर: आमच्याकडे ‘मानस’ म्हणतात.

बार्देसी: तुमच्या डोंगरात कुठली आलीय मानस?