रोमेलू लुकाकूच्या कारकिर्दीला आपण न्याय देतो का? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

मधली फळी:
बेल्जियमसाठी 80 हून अधिक गोल करणारा, त्या देशाच्या इतिहासात या बाबतीत अव्वल असलेला फुटबॉलपटू रोमेलू लुकाकू चर्चेत मात्र हुकलेल्या संधींसाठीच आठवला जातो, हे मला अन्यायाचे वाटते. त्याच्या यशापयशाचे मूळ संघाच्या रचनेत आहे, असे माझे मत आहे. त्याचा धिप्पाड बांधा पाहून अनेक प्रशिक्षकांनी त्याला गोलकडे पाठ करून उंच चेंडू अडवायला उभे केले. वास्तविक त्याचे खरे बळ बचावफळीमागच्या मोकळ्या जागेत मुसंडी मारण्यात आहे. इंटर मिलान या इटालियन क्लबमध्ये प्रशिक्षक अंतोनियो कॉन्टे यांनी त्याच्या जोडीला आघाडीवर लाउटारो मार्टिनेझला खेळवले, त्याला धावायला मैदान मोकळे मिळेल अशी आखणी केली आणि 2020-21 मध्ये लुकाकूच्या 24 गोलांच्या बळावर इंटरने 11 वर्षांनी सेरी आ ही इटलीची अव्वल लीग जिंकली. त्याच उन्हाळ्यात त्याच्या जुन्या इंग्लिश क्लबने, चेल्सीने, सुमारे 97.5 दशलक्ष पौंड मोजून त्याला परत नेले, पण चेंडू ताब्यात ठेवून सावकाश चढाई रचणाऱ्या त्या संघाकडून लीगमध्ये त्याचे अवघे 8 गोल झाले.

पेनल्टी क्षेत्र:
रचनेचा मुद्दा मला पटतो, पण तो सर्वत्र लागू होत नाही. 2022 च्या विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध जिंकणे अनिवार्य असताना मध्यंतरानंतर उतरलेल्या लुकाकूने गोलसमोरच्या एकाहून अधिक सोप्या संधी दवडल्या आणि बेल्जियम साखळीतच बाद झाले. 2023 मध्ये तो तात्पुरत्या करारावर पुन्हा इंटरकडे होता; इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंटर एका गोलने मागे असताना त्याने अगदी जवळून मारलेला हेडर मँचेस्टर सिटीच्या गोलरक्षकाने अडवला. तिथे कोणत्या प्रशिक्षकाला दोष द्यायचा?

मधली फळी:
क्रोएशियाविरुद्ध तो नुकताच दुखापतीतून सावरत होता, हे विसरू नये. शिवाय मोठ्या सामन्यांचाच हिशेब मांडायचा असेल, तर 2018 च्या विश्वचषकात जपानविरुद्ध भरपाई वेळेत घडलेला तो क्षणही त्यात धरावा लागेल: उजवीकडून आलेला चेंडू स्वतः न मारता त्याने मुद्दाम पुढे जाऊ दिला, त्याचा सहकारी शाद्लीने गोल केला आणि दोन गोलांनी मागे पडलेले बेल्जियम 3-2 ने जिंकले. मागे कोण धावत येत आहे याचे इतके अचूक भान फार थोड्या स्ट्रायकरांकडे असते. 2025 मध्ये त्याच्या नापोली संघाला सेरी आच्या विजेतेपदासाठी शेवटचा सामना जिंकणे भाग होते, तेव्हाही काल्यारीविरुद्धचा दुसरा गोल त्याचाच होता.

पेनल्टी क्षेत्र:
त्या गोलाआधीच त्याचा सहकारी मॅकटॉमिनेने नापोलीला आघाडी मिळवून दिली होती. आणि इंटर व नापोली ही त्याची दोन्ही इटालियन विजेतेपदे कॉन्टे यांच्याच हाताखालची आहेत. एका माणसाच्या आखणीवाचून ज्याचा खेळ फुलत नाही, त्याला थोर स्ट्रायकर कसे म्हणावे?

डावी कडा:
मला खटकते ते वेगळेच. चेल्सीत परतून काही महिनेच झाले असताना एका मुलाखतीत त्याने तिथल्या खेळपद्धतीबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली. इतका विश्वास टाकणाऱ्या क्लबशी असे वागणे मला गैर वाटते.

मधली फळी:
ती मुलाखत अनुचित होती, यात वाद नाही. परंतु तो फक्त कॉन्टे यांच्याकडेच खेळतो, हे मला मान्य नाही. प्रशिक्षक रोबेर्तो मार्टिनेझ यांच्या बेल्जियमकडून त्याने 2018 च्या विश्वचषकात 4 गोल केले, आणि दोमेनिको टेडेस्को यांच्या काळात 2024 च्या युरो पात्रता फेरीत तब्बल 14 गोल करून एका पात्रता फेरीतील गोलांचा विक्रम नोंदवला.