आठवड्याला ४ दिवस हिंजवडी, घर साताऱ्यात. काय करू?

कृष्णाकाठ: सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये ११ वर्षं झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यातली भाड्याची खोली सोडून साताऱ्याला सासरी आले, ती इथलीच झाले. मुलगा अडीच वर्षांचा आहे, सासूबाई सांभाळतात. आतापर्यंत महिन्यातून दोनदा ऑफिस असायचं. परवा मेल आला: पुढच्या महिन्यापासून आठवड्याला ४ दिवस, हजेरी कार्ड स्वाइपवरून मोजणार.

मंगळवारी मुद्दाम जाऊन पाहिलं. पहाटे पाचला निघाले. खंबाटकी लवकर सुटला, पण नवले पूल ते वाकड जीव गेला. जागेवर बसले तेव्हा पावणेनऊ वाजले होते. मग दिवसभर हेडफोन लावून हैदराबाद आणि चेन्नईच्या लोकांशी कॉल, कारण माझ्या टीमचं पुण्यात कुणीच नाही! घरी पोचले तर बाळ झोपलेलं. काम मनापासून आवडतं, सोडायचं नाहीये. कुणी यातून वाट काढली आहे का?

फेज_तीन: ताई, मी १४ जणांची टीम सांभाळतो. आमच्याकडे हा नियम आल्यावर तिघं गेले, तिघंही जुनेजाणते. बिलिंगच्या कोडमधल्या खाचाखोचा त्यातल्या एकीलाच ठाऊक होत्या. ती गेली आणि रिलीज दोनदा पुढे गेलं. पण नवीन पोरं ऑफिसात पटकन तयार होतात, हेही मी रोज बघतो. शेजारी बसलेल्याला विचारायला कॉल लावावा लागत नाही. तुमच्या ऑफिसात नवे टेस्टर असतील तर त्यांना शिकवायचे दिवस ठरवून द्या आणि बाकीचे घरून मागा.

जुनी_एचआर: आधी नेमणूकपत्रातलं कामाच्या ठिकाणाचं कलम वाचा. बहुतेक पत्रांत कंपनी कुठेही पाठवू शकते असं असतं, त्यामुळे हक्क म्हणून भांडण्यात फारसा जोर राहत नाही. हजेरीचा पगाराशी काय संबंध आहे तेही लेखी विचारा. टीसीएसने २०२४ मध्ये व्हेरिएबल पे (पगाराचा कमीजास्त होणारा भाग) ऑफिसातल्या हजेरीला जोडला होता: ६० टक्क्यांखाली काहीच नाही, पूर्ण हवा तर ८५ च्या वर.

मॅनेजरला दाखवायला एक चांगला आधार देते. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीने १,६१२ जणांवर प्रयोग केला, तो २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. आठवड्याला २ दिवस घरून काम दिल्यावर राजीनामे एक तृतीयांशाने घटले, कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही. सर्वात जास्त थांबल्या त्या बायका आणि लांबून येणारे, म्हणजे तुमच्यासारखेच. आणि पुण्यात यायचंच ठरलं तर पाळणाघराचं विचारा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ती सोय कायद्याने बंधनकारक आहे.

कृष्णाकाठ: दोघांचे मनापासून आभार. काल बोलले. तीन महिन्यांसाठी मंगळवार-बुधवार ऑफिस, बाकी घरून, असं लेखी मिळालंय. दोन नव्या मुलींना ऑटोमेशन, म्हणजे प्रोग्राम लिहून टेस्टिंग करणं, मी शिकवणार. मंगळवारची रात्र वाकडला मावसबहिणीकडे. बाळाला अजून सांगितलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, सोमवारी रात्री मी सांगते, तू पहाटे गुपचूप नीघ. मला ते पटत नाहीये. त्याला सांगूनच निघणार आहे.