सिंहगड रस्ता-कोथरूड भागात उद्योजकांचा मराठी कट्टा : काय केलं तर टिकतो?

धायरीची_गूळयंत्रवाली

नमस्कार मंडळी. मी पुण्यात धायरीला राहते. गुऱ्हाळातल्या काहिलीचं, म्हणजे उसाचा रस उकळतात त्या मोठ्या कढईचं, तापमान सतत मोजून गुळव्याच्या मोबाइलवर दाखवणारं यंत्र बनवते आहे. ढेपेचा गूळ साधारण ११८ अंशांना उतरवतात, काकवी १०५-१०६ ला. हा सगळा अंदाज आजवर गुळव्याच्या नजरेवर चालत आला आहे. दौंडकडे काही गुऱ्हाळांत यंत्र लावलंय, पण वाफेने सेन्सरच्या डबीत पाणी शिरतं. त्याच्याशी झगडणं चालू आहे.

इथे प्रश्न मात्र वेगळा विचारायचाय. सिंहगड रस्ता, वारजे, कोथरूड या पट्ट्यात घरातून किंवा भाड्याच्या एखाद्या खोलीतून नवीन काहीतरी उभं करणारी पुष्कळ माणसं आहेत आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. बाणेर-हिंजवडीकडे कार्यक्रम होतात, पण मी गेले तेव्हा बोलणं सगळं इंग्रजीत, विषय सॉफ्टवेअर आणि फंडिंग. अवजारं, खाद्यपदार्थ, छोटी यंत्रं करणाऱ्याने तिथे काय विचारावं? म्हणून आम्ही चौघांनी मराठीतून बोलायचा कट्टा सुरू केला. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत. भेटीचा निरोप टाकला की अंगठे भरपूर येतात, माणसं येतात दहा-बारा. मधल्या काळात ग्रुपवर सुप्रभात, कोर्सच्या जाहिराती आणि कर्जाच्या लिंका.

हे बंद पडावं असं मला अजिबात वाटत नाही. जागा, वार, ग्रुप, पैसे... ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी अनुभव सांगा.

जुना_लिनक्सवाला

ताई, दहा-बारा जण खरोखर येतात ना, मग कट्टा सुरू झाला आहे. दोनशेंची काळजी सोडा, या दहा-बारांना धरून ठेवा.

मी २००८ पासून पुण्यातल्या अशा भेटींना जातो, काही चालवल्याही. ते वर्ष इथे फार घडामोडींचं होतं. नवीन काब्रा आणि अमित परांजपे यांनी पुणेटेक ही पुण्यातल्या तंत्रज्ञानाची वेबसाइट सुरू केली, त्याच सुमारास ओपन कॉफी क्लब पुण्यात आला. कल्पना मूळची लंडनची, २००७ ची, सॉल क्लाइन यांची : एक कॅफे ठरवायचा, वेळ ठरवायची, मग धंदा करणारे, करू पाहणारे, पैसे लावणारे, जो येईल तो बसेल. मॉडेल कॉलनीत अतुर सेंटरला, सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत बारकॅम्प भरायचा. त्यात आधी ठरलेली कार्यक्रमपत्रिका नसते. सकाळी फळ्यावर वेळांच्या चौकटी आखायच्या आणि ज्याला बोलायचंय त्याने आपला विषय लिहून चिकटवायचा. नुसतं बघायला कुणी यायचं नाही, हा नियम. ज्याने कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं तो तिथे अर्धा तास बोलायचा.

आणि पुणेटेकचं कॅलेंडर. शहरात कुठे काय आहे ते एका जागी दिसायचं. मी लिनक्सच्या ग्रुपमधला माणूस, धंदेवाल्यांच्या भेटींना पोचलो तो त्या कॅलेंडरमुळे. शहरातली वेगवेगळी टोळकी एकमेकांत मिसळायला एवढ्या साध्या गोष्टीची मदत होते, हे मी विसरलेलो नाही.

वार एकदाच ठरवा आणि हलवू नका. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. आजही उन्हाळा लागला की पुणेकराचे पाय टिळक स्मारकाकडे वळतात, आज वक्ता कोण हे तो तिथे गेल्यावर बघतो. "सगळ्यांना कधी जमेल" असं ग्रुपवर विचारत बसलात तर दर महिन्याला नव्याने भांडण. चौघंच आले तरी भेट झालीच पाहिजे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. प्रत्येकाने येताना एक अडलेली गोष्ट आणायची आणि ती नेमकी हवी. "मार्गदर्शन हवंय" चालणार नाही. "माझ्या चकलीचं पाकीट उन्हात फुगतं, डबल लेयर पाऊच थोड्या संख्येत कोण छापून देईल?" हे चालेल. पहिला तास गोल बसून फक्त हे. प्रोजेक्टर लावायचाच नाही, कारण पडदा आला की एक बोलतो आणि बाकीचे मोबाइल बघतात. एकाने वहीत लिहायचं : कुणाला काय हवंय, कोण काय देतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती वही उघडायची आणि प्रत्येक जोडीला वेगळा निरोप टाकायचा : "हे पाऊचवाले, या चकलीवाल्या, काल बोलणं झालंच आहे, आता नंबर घ्या." आठवड्याने परत विचारायचं, काय झालं? पुढच्या भेटीची सुरुवात त्या उत्तरांनीच करायची. हे काम कंटाळवाणं आहे, फोटोत दिसत नाही, त्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर जे ग्रुप विरले ते झकास कार्यक्रम करूनही विरले, कारण माणसं भेटून घरी गेली आणि पुढे त्यांच्यात काहीच घडलं नाही. ज्याचं एक काम अशा भेटीतून झालं तो न बोलावता येतो आणि सोबत आणखी एकाला आणतो.

पैसे : चहा-नाश्त्यापुरते पन्नास रुपये माणशी, आदल्या दिवशी यूपीआयने. पैसे भरणारा माणूस सहसा येतो. प्रायोजक पहिलं वर्षभर नको, तो दोन शब्द बोलायला मागतो आणि ते दोन शब्द वीस मिनिटं चालतात.

बाणेर_प्रॉडक्टवाला

वरच्या प्रतिसादातलं बरंचसं पटलं, पण मोठे कार्यक्रम इतके बाजूला सारू नका. कॉलेजची मुलं नाव ऐकूनच येतात. एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात नव्या उद्योगांना आधार देणारं व्हेंचर सेंटर २००७ पासून आहे, सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना आहे, सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचं भाऊ इन्स्टिट्यूट आहे, तेही नव्या उद्योगांसाठीच. तिथली माहीतगार माणसं तीन महिन्यांतून एकदा बोलावली तर नवीन चेहरे मिळतील. नाहीतर तेच दहा-बारा जण वर्षभर एकमेकांच्या अडचणी ऐकत बसतील.

जुना_लिनक्सवाला

@बाणेर, नवीन चेहऱ्यांचा मुद्दा रास्त आहे. बोलवा, पण वक्त्यालाही गोलातच बसवा आणि त्यालाही त्याची अडलेली गोष्ट विचारा. व्हेंचर सेंटरसारख्या ठिकाणच्या माणसांकडे प्रयोगशाळा, चाचण्या, पेटंटची प्रक्रिया यांची पक्की माहिती असते. भाषणात ती वाया जाते, एकाच्या नेमक्या प्रश्नावर ती सोन्यासारखी कामाला येते.

कर्वेनगर_बॅकएंड

ग्रुपबद्दल थोडं, कारण माझं रोजचं काम हेच.

व्हॉट्सॲप सोडू नका. तुमची माणसं तिथेच आहेत, दुसरं ॲप उतरवून घ्या म्हटलं की निम्मी गळतील. फक्त रचना बदला. व्हॉट्सॲपमध्येच २०२२ ला आलेली 'कम्युनिटी'ची सोय वापरा, तिच्यात अनेक गट एका छत्राखाली येतात. तिच्या घोषणा-गटात फक्त ॲडमिन लिहू शकतो आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. बायकांनी ग्रुप सोडण्याचं मोठं कारण अनोळखी माणसांचे मेसेज हे असतं, ते इथे बरंच आटोक्यात येतं. खाली छोटे गट : खाद्यपदार्थ, यंत्रं, सॉफ्टवेअर. गप्पा तिथे. सुप्रभात टाकणाऱ्याला खासगीत, नावाने आणि प्रेमाने सांगायचं. सगळ्यांसमोर सुनावलं की तो दुखावतो आणि बाकीचेही गप्प होतात.

जुन्या लिनक्सवाल्यांची वही गूगल शीटवर घ्या. चार रकाने पुरेत : नाव, काय हवंय, काय देऊ शकतो, पुढे काय झालं. ही शीट संयोजकांपुरतीच ठेवा आणि कुणाचा नंबर दुसऱ्याला देण्याआधी त्याला विचारा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमतीवरच उभा आहे, आणि कायदा नसता तरी हे सभ्यपणाचंच. सहा महिन्यांनी ती शीट हीच तुमची खरी मिळकत असेल. ग्रुपमध्ये गेल्या महिन्यातलं काही शोधून सापडत नाही, शीटमध्ये सापडतं.

गूगलचं एक सार्वजनिक कॅलेंडरही करा. एकदा जोडलं की भेट ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये आपोआप येते, आठवण करून द्यावी लागत नाही.

भोसरी_शीटमेटल

मी सॉफ्टवेअरवाला नाही, स्टार्टअपवालाही नाही. एमआयडीसीत वर्कशॉप आहे, वडिलांपासून. मला या कट्ट्याला यायला आवडेल का? हो. आजवर कुणी बोलावलं नाही एवढंच. नवीन पोरं ड्रॉइंग घेऊन येतात, पाच नग मागतात, मोठे वर्कशॉपवाले हात लावत नाहीत. मी पाच नग करून देतो. त्यातलं एखादं पोरगं पुढे पाचशे नग मागेल.

दोन गोष्टी सांगतो. शनिवार ठेवलात तर आम्ही नाही, त्या दिवशी माल निघतो. माझ्याकडे सुट्टी गुरुवारी. गुरुवारी संध्याकाळी ठेवलंत तर माझ्यासारखे चार जण मी आणतो. आणि जागा मेट्रोजवळ बघा. नाशिक फाट्याच्या स्टेशनला बसलो की जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला गाडी बदलून थेट नळ स्टॉप. पौड फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी घालून कुणी दर महिन्याला येणार नाही.

दुसरं, ताई, तुमची डबी. वाफ झाकणातून शिरत नसेल, केबल जिथून आत जाते तिथून शिरत असेल. केबल खालच्या बाजूने घ्या, आत जाण्याआधी तिला खाली एक वळण द्या, म्हणजे पाणी वळणावरून ठिबकून जाईल. ग्लँड, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणारं बूच, स्वस्तातली असेल तर ती आधी बदला. आणि काहिलीत बुडतो तो भाग कुठल्या स्टेनलेस स्टीलचा, एसएस ३०४ चा की ३१६ चा?

धायरीची_गूळयंत्रवाली

दादा, ३०४. आणि केबल वरूनच घेतली आहे! आजच डबी उलटी करून बघते.

सगळ्यांचे मनापासून आभार. वार गुरुवार, महिन्यातला दुसरा, संध्याकाळी सहा ते आठ. आठला संपवायचंच, म्हणजे लांबच्यांना आणि घरी लहान मुलं असणाऱ्यांना सोयीचं. नळ स्टॉपजवळ एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल मिळतोय, उद्या जाऊन पक्का करते. पन्नास रुपये, प्रोजेक्टर नाही. कर्वेनगरवाले, शीटचा आराखडा तुम्ही कराल का? पहिले दोन महिने वही मी लिहीन, मग दर वेळी दुसऱ्याकडे देऊ.

@बाणेर, व्हेंचर सेंटरमध्ये तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर तिसऱ्या भेटीला बोलवा. अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या धातूच्या चाचण्या कुठे होतात, हा माझा प्रश्न तयार आहे.

भोसरी_शीटमेटल

३०४ चालेल, काढू नका. पण वेल्डिंगचा सांधा आतून पॉलिश केलेला हवा, नाहीतर तिथे साखर धरते आणि रीडिंग मागे पडतं. गुरुवारी येताना एक नग घेऊन या, बघून सांगतो. माझ्यासोबत स्प्रिंगवाले आणि प्लास्टिक मोल्डिंगवाले असे दोघं नक्की आहेत. तिघांचे पैसे कुठल्या नंबरवर टाकू?