मदत हवी आहे: बांधकाम साइटवरच्या पावसाच्या पाण्याचा परवाना सोलापुरात कुठून घ्यायचा?

दीडएकर

जुळे सोलापूर भागात ६० गुंठ्यांचा प्लॉट आहे. एक बेसमेंट, तळमजला आणि वर सात मजले. एफएसआयमध्ये (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं त्या हिशेबात) मोजलेलं बांधकाम ११,४०० चौ.मी. जमिनीत वर दीडेक मीटर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कच्चा पाषाण. बेसमेंटची खोदाई ३.५ मीटर. उतार रस्त्याकडे, रस्त्याला महापालिकेचं उघडं गटार, ते पुढे नाल्याला मिळतं.

मालकाच्या बाहेरगावच्या सल्लागाराने चेकलिस्ट पाठवली आहे. तिच्यात ‘स्टॉर्मवॉटर डिस्चार्ज परमिट क्रमांक’ असा रकाना आहे आणि सोबत ‘स्टॉर्मवॉटर पोल्यूशन प्रिव्हेन्शन प्लॅन’ जोडा म्हटलंय. झोन ऑफिसात विचारलं तर असा फॉर्मच नाही म्हणतात. प्रश्न तीन:

१. हा परवाना नक्की कोण देतं?
२. नसेल तर त्या रकान्यात काय लिहायचं?
३. खोदाई मेअखेर सुरू होणार. पाणी गटारात सोडायच्या आधी किमान काय केलेलं असावं?

नियमपोथी

झोन ऑफिसने बरोबर सांगितलं. सल्लागाराने अमेरिकन चेकलिस्ट उचलून तुमच्या हातात दिली आहे. तिकडे १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टखाली एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरायची तर स्वतंत्र परवाना लागतो. काम सुरू करण्याआधी १४ दिवस सूचना द्यायची, लेखी आराखडा साइटवर ठेवायचा, दर ७ दिवसांनी तपासणी करायची. नाहीतर दर १४ दिवसांनी, आणि शिवाय पाव इंच म्हणजे सहा-साडेसहा मिमी पाऊस पडला की २४ तासांत. तुमच्या रकान्याचं मूळ हे. आपल्याकडे या नावाचा वेगळा कागद निघत नाही.

म्हणून मोकळीक आहे असं मात्र नाही. अटी चार ठिकाणी विखुरलेल्या आहेत.

पहिली जागा पर्यावरण मंजुरी. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौ.मी. आणि त्यावरच्या बांधकामाला राज्याच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते. एवढ्या प्रकल्पाला प्रदूषण नियंत्रण मंडळाची ‘कन्सेंट टू एस्टॅब्लिश’, म्हणजे काम सुरू करण्याआधीची संमती सुद्धा. पावसाच्या पाण्याच्या अटी याच कागदांत लिहिलेल्या असतात. पण तुमचे ११,४०० हे फक्त एफएसआयचे आहेत. या हिशेबात बेसमेंट, पार्किंग, जिने, डक्ट, छताखालचं सगळं धरतात. एकूण किती होतंय ते आधी सांगा.

दुसरी जागा १९७४ चा जल अधिनियम, कलम २४. याला क्षेत्रफळाची मर्यादा नाही. प्रवाहात प्रदूषक सोडणं जसं बंद, तसंच प्रवाह अडेल असं काहीही जाणूनबुजून जाऊ देणं बंद. नाल्यात गाळ गेला तर बोट याच कलमावर ठेवलं जातं.

तिसरी, बांधकाम कचऱ्याचे नियम. दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पात ३०० टनांवर कचरा निघत असेल तर आराखडा महापालिकेकडून आधी मंजूर करून घ्यायचा, ही २०१६ च्या नियमांतली अट होती; त्यांच्या जागी आता २०२५ चे नियम आले आहेत, म्हणून सध्याची अट महापालिकेत विचारून घ्या. आणि लहान असो की मोठा, कुणाच्याही कचऱ्याने गटार तुंबता कामा नये.

चौथी, तुमची बांधकाम परवानगी. प्रारंभ प्रमाणपत्रामागच्या अटी एकदा शांतपणे वाचा. बहुतेक जण पहिलं पान झेरॉक्स करून फायलीला लावतात. गटाराला पाइप जोडायचा तर महापालिकेची परवानगी वेगळी, रस्ता फोडायचा तर खोदाईची वेगळी. उकरलेली माती-मुरूम प्लॉटबाहेर न्यायची तर तहसीलकडून गौण खनिजाचा पास. हाच प्लॉट अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत असता तर महापालिकेच्या जागी एमआयडीसी.

रकान्यात लिहा: ‘स्वतंत्र परवाना लागू नाही, लागू परवानग्यांची यादी सोबत जोडली आहे.’ आणि यादी खरोखर जोडा.

दीडएकर

आभारी आहे. बेसमेंट, पार्किंग सगळं धरून १७,२०० होतंय. म्हणजे २०,००० च्या आत. मालक पुढे शेजारच्या १५ गुंठ्यांत दुसरी विंग काढायचं म्हणतात.

नियमपोथी

तिथेच फसतात लोक. एकाच प्रकल्पाचे टप्पे एकत्र मोजले जातात. दुसरी विंग २,८०० चौ.मी.ची झाली की तुम्ही मर्यादेवर पोचलात. मंजुरी न घेता आधीचं काम झालेलं असेल तर ते उल्लंघनात मोडतं. मालकाला हे आत्ताच लेखी कळवा.

काळीमाती

कागदांचं झालं. तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण सोलापुरात खरी गोम मातीत आहे.

आपल्याकडे पाऊस कमी म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण मे महिन्यात वळीव अर्ध्या तासात कोसळतो आणि सर्वांत मोठा महिना सप्टेंबर. ऑक्टोबर २०२० आणि सप्टेंबर २०२५ आठवा. खोदाई मेअखेर म्हणजे उघडा खड्डा नेमका पावसात.

पाणी किती येईल ते आधी काढा. ६० गुंठे म्हणजे ०.६ हेक्टर. उघड्या चिकण जमिनीला अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा भाग) ०.६ धरा, तासाला ६० मिमीचा जोर धरा. गुणांक गुणिले जोर गुणिले हेक्टर, भागिले ३६०: ०.०६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर. २५ मिमीची एक सर म्हणजे ९० घनमीटर पाणी, नऊ टँकर दहा हजारी.

बाहेरचं पाणी आत घेऊ नका, हे पहिलं काम. चढाच्या बाजूने चर मारा, ४५ सेंमी रुंद, ३० सेंमी खोल, उतार २०० ला १. ती काठोकाठ वाहिली तर सेकंदाला ८० लिटर नेते. आतल्या पाण्याला तशीच दुसरी चर, ती गाळखड्ड्यात जाईल अशी. दोन्ही चरी एकमेकींना कुठेही मिळू देऊ नका. स्वच्छ पाणी गढूळ पाण्यात गेलं की सगळंच गढूळ, आणि खड्डा दुप्पट लागतो.

गाळखड्ड्याला अमेरिकन नियमातलाच आकडा वापरा, तो व्यवहारी आहे: एकराला ३,६०० घनफूट. दीड एकराला १५० घनमीटर. १७ × ८ × १.२ मीटरमध्ये बसतो. लांबी रुंदीच्या दुप्पट तरी हवी. चौकोनी खड्ड्यात पाणी एका कोपऱ्यातून येतं आणि सरळ दुसऱ्यातून निघून जातं. जागा कुठे, असं म्हणाल. प्लॉट ४,००० चौ.मी.च्या वर आहे, म्हणजे १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागली असेल. त्या सहाशे चौ.मी.त करा.

आता गोम. मुरमातला बारीक गाळ, ०.०२ मिमीचा कण, एक मीटर खोल पाण्यात पाऊण तासात तळाला जातो. काळ्या मातीतला चिकणकण ०.००२ मिमीचा. दहापट बारीक, म्हणून शंभरपट हळू. त्याला तेवढ्याच पाण्यात तीन दिवसांवर लागतात, आणि तेही पाणी जराही हललं नाही तर. पुढची सर तोवर येतेच. त्यामुळे नुसता खड्डा खणून ‘सेटलिंग टँक’ अशी पाटी लावली तर बाहेर चहाच निघणार.

डबरसोलिंग

काळीमाती यांच्याशी सहमत. चिकण बसवायची तर तुरटी. पण अंदाजपंचे पोती ओतू नका, बाटलीत चाचणी करा.

१० ग्रॅम तुरटी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. पारदर्शक बरण्यांत खड्ड्यातलं गढूळ पाणी लिटर-लिटर घ्या. सिरिंजने त्यात २, ४, ६, ८ मिलि द्रावण टाका. एक मिलि म्हणजे लिटरला १० मिग्रॅ. अर्धा मिनिट जोरात, मग पाच मिनिटं सावकाश ढवळा. अर्ध्या तासात ज्या बरणीत दह्याच्या कवड्या पडल्यासारखा गाळ तळाला जाऊन वर निवळ येते, त्यांतला सर्वांत कमी डोस तुमचा. समजा ४ मिलि आला, तर १५० घनमीटरला ६ किलो. पिंपात विरघळवून चरीच्या तोंडाशी, जिथे पाणी उसळतं, तिथे सोडा. साठलेल्या पाण्यावर वरून शिंपडलं तर वाया जातं; मिसळत नाही.

चाचणीत एकही बरणी निवळली नाही तर नव्वद टक्के वेळा सिमेंटचं पाणी आत आलेलं असतं. मिक्सर गाडी धुतलेल्या पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) १२ च्या वर. तुरटी ६ ते ७.५ मध्ये नीट चालते. म्हणून गाडी धुवायचा खड्डा वेगळाच: ३ × २ × पाऊण मीटर, आत जाड प्लास्टिक कागद अखंड, सांधा न देता. कडा मातीने दाबा. पाणी वाळू द्या, उरलेली खपली फोडून कचऱ्यात. तो खड्डा गाळखड्ड्याच्या चढाला कधीच घेऊ नका. आणि गटारात सोडायच्या आधी पीएचचा कागद बुडवून बघा, ६.५ ते ८.५ मध्ये हवा.

दीडएकर

उत्तम. बेसमेंटच्या खड्ड्यातून पंपाने उपसायचं पाणी कसं करू? आणि कुंपणाला हिरवी शेडनेट लावली तर गाळ अडेल का?

डबरसोलिंग

शेडनेट धुळीपुरती. तिच्या भोकांतून गाळ सरळ जातो. जिओटेक्स्टाइल कापड घ्या, पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं. खालची कडा १५ सेंमी चरीत गाडून माती ठोकलेली हवी. नुसती जमिनीला टेकवली तर पाणी खालून जातं. खांब दोन मीटरवर, दोन्ही टोकं चढाकडे वळवलेली. आणि जिथे पाणी ओघळ करून येतं तिथे कापड लावूच नका, आडवं पडतं. तिथे २० मिमी खडीच्या गोण्या. गाळ कापडाच्या निम्म्या उंचीवर आला की काढा.

उपशासाठी खड्ड्याच्या सर्वांत खोल कोपऱ्यात मीटरभर चौरस, मीटरभर खोल जागा करा. तळाला २० सेंमी ४० मिमी खडी. त्यावर २०० लिटरचा पत्र्याचा पिंप, तळ बंद. पिंपाला वरच्या दोन तृतीयांश भागातच १० मिमीची छिद्रं पाडा, खालचा भाग आखाच ठेवा. तिथे गाळ बसतो. बाहेरून जिओटेक्स्टाइलचे दोन वेढे, त्याभोवती पुन्हा खडी. फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) दोरीने टांगा, पिंपाच्या तळापासून ३० सेंमी वर. तो तळाला टेकला की पंप पाणी नाही, चिखल ओढतो. काळ्या मातीत बाहेरचा वेढा दोन-तीन दिवसांत लिंपून जातो, तेव्हा खडी बाजूला करून तेवढाच बदलायचा. कापड लिंपलं आणि पंप कोरडा ओढायला लागला की मजूर हमखास पाइप पिंपाबाहेर काढून थेट खड्ड्यात टाकतात. सुपरवायझरचं लक्ष तिथे हवं. उपसलेलं पाणी गाळखड्ड्यातच, सरळ गटारात नाही.

काळीमाती

गेटचं राहिलं. रस्त्यावरचा अर्धा चिखल टिप्परच्या चाकांतून जातो आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीही त्यावरूनच येतात. गेटच्या आत १५ मीटर लांब, गाडीच्या पूर्ण रुंदीचा खडीचा पट्टा करा, ५० ते ८० मिमी खडी, काळ्या मातीवर जाडी २५ सेंमी. खाली जिओटेक्स्टाइल अंथरायला विसरू नका. त्याशिवाय दोन आठवड्यांत खडी मातीत गडप होते आणि लोक म्हणतात खडी कमी पडली. मुरूम टाकू नका, पहिल्या पावसात त्याचाच राडा होतो. रस्त्यावर सांडलेली माती कोरडी झाडून उचला. पाइप लावून धुतली की तीच गटारात.

रस्त्यावरच्या गटाराच्या तोंडाला गोणपाट कोंबायची पद्धत आहे, ती बंद करा. पाणी तुंबून रस्ता भरतो. तोंडाभोवती खडीच्या गोण्यांचं अर्धवर्तुळ, एक थर, वरून पाणी जाईल एवढी उंची. आणि ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडून पाणी आत सोडणं तर अजिबात नको. ती मैल्याची लाइन आहे. चोंदली की चार घरांच्या संडासातून वर येतं.

पाणीपातळी

एक भर घालतो. प्लॉट ५०० चौ.मी.च्या वर आहे, म्हणजे राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे पर्जन्यजल संधारण सक्तीचं. बरेच ठेकेदार बोअर आणि शोषखड्डा पायाच्या वेळीच उरकतात आणि साइटचं गढूळ पाणी त्यातच सोडतात, ‘जिरेल’ म्हणून. चिकण एकदा पाषाणाच्या भेगांत बसली की ते बोअर परत पाणी घेत नाही. कॉम्प्रेसरने धुऊनही थोडंच सुटतं. बोअर मारलंत तरी तोंड टोपी लावून बंद ठेवा. खडी-वाळूचा गाळणथर सगळ्यांत शेवटी, छत धुऊन झाल्यावर आणि आवारात फरशी किंवा हिरवळ झाल्यावर भरा. गाळखड्ड्याच्या जागी शोषखड्डा काढू नका, तिथला तळ लिंपलेला असतो.

दीडएकर

समजलं. शेवटचं एक: गाळखड्ड्यात पाणी साठलेलं दिसलं की डासांची नोटीस येते म्हणतात. मग निवळेपर्यंत ठेवायचं कसं?

काळीमाती

तुरटीनंतर रात्रभर पुरतं. सकाळी वरची निवळ सोडून द्या, पण तळातला अर्धा मीटर हलवू नका. डासाच्या अळीचा कोष होऊन डास उडायला साधारण आठवडा लागतो, म्हणून पाच दिवसांच्या आत खड्डा एकदा रिकामा झाला की पुरे. कुठल्या तारखेला किती मिमी पाऊस, कधी तुरटी, पीएच किती, कधी सोडलं, हे वहीत लिहा आणि दर वेळी एक फोटो काढा. सल्लागाराला जो ‘प्लॅन’ हवाय तो नकाशावर दोन चरी, खड्डा, गेट, धुण्याचा खड्डा दाखवून आणि ही वही जोडून होतो.

दीडएकर

नकाशा आज काढायला घेतो. गेटच्या पट्ट्याला ६० घनमीटरच्या आसपास बसेल ना खडी? गेट ६ मीटर आहे.

डबरसोलिंग

नाही हो. १५ × ६ × ०.२५ म्हणजे साडेबावीस. दबून बसते म्हणून २६-२७ मागवा. साठ मागवली तर उरलेली ढिगाने रस्त्यावर पडेल.